गोठ्यातली गोचीड, गटारातला डास: जनावरांचे आणि रानपक्ष्यांचे रक्तपरजीवी आजार रोखण्याची रीत

गाय, म्हैस, कोंबडी आणि अंगणात दाणे टिपायला येणारी चिमणी यांच्या रक्तात राहणारे अनेक एकपेशीय परजीवी एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात आपल्या बळावर जाऊ शकत नाहीत. त्यांना वाहक लागतो. कुणाला गोचीड लागते, कुणाला डास, तर कुणाला चावरी माशी. वेळेवर दिलेल्या इंजेक्शनाने आजारी जनावर वाचते. परंतु गोठ्याच्या भिंतीतील भेगा, उकिरडा आणि साचलेले गटार तसेच राहिले, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच दावणीला दुसरे जनावर आजारी पडते. या लेखातील सर्व पायऱ्या त्यामुळे जनावराइतक्याच त्याच्या भोवतालच्या जागेविषयी आहेत. दोन-चार ते वीस-पंचवीस जनावरे, थोड्या गावठी कोंबड्या आणि आजूबाजूला शेत किंवा रान असलेले पशुपालक डोळ्यांसमोर ठेवून त्या लिहिल्या आहेत.

गुरे आणि पक्षी यांना एकाच लेखात घेण्याला कारण आहे. कीटक आणि गोचिडी रक्तातील परजीवी पसरवतात, हे ज्ञान मुळात याच दोघांच्या अभ्यासातून आले. अमेरिकेतील गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडीमुळे पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर १८९८ साली रोनाल्ड रॉस यांनी कोलकात्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना, परजीवी डासाच्या पोटात वाढून त्याच्या लाळग्रंथींत पोहोचतो आणि तेथून निरोगी चिमणीच्या रक्तात उतरतो, हा संपूर्ण प्रवास दाखवून दिला. शिवाय आजही गोठ्यात आपण जे औषध निवडतो, ते बाहेरच्या पक्ष्यांपर्यंत पोहोचतेच. त्याचा विचार पुढे योग्य ठिकाणी केला आहे.

पहिली पायरी: वाहक कोण आहे ते ओळखणे

“गोचिडी झाल्या आहेत” एवढे म्हणून भागत नाही, कारण आपल्या गुरांवर प्रामुख्याने दोन प्रकारच्या गोचिडी आढळतात आणि दोघींच्या सवयी अगदी वेगळ्या आहेत. पहिली ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. ही आकाराने लहान असते, तिचे पाय आखूड व फिकट असतात आणि रक्त पिऊन टम्म झालेली मादी राखाडी-निळसर दिसते. अळीपासून प्रौढ होईपर्यंतचे सुमारे तीन आठवडे ती एकाच जनावराच्या अंगावर काढते, मग जमिनीवर गळून पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. गुरांना रक्तलघवी लावणारा बबेसिया हा परजीवी हिच्यामार्फत पसरतो. मादीने रक्तातून घेतलेला बबेसिया तिच्या अंड्यांत उतरत असल्याने कुरणातील गवताच्या टोकावर वाट पाहत बसलेली, अजून एकदाही रक्त न प्यायलेली पिल्लेसुद्धा जन्मतःच परजीवी बाळगून असू शकतात.

दुसरी हायालोमा. ही मोठी व तपकिरी असते, तिचे पाय लांब आणि पट्टेदार असतात आणि चालही चपळ असते. थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी ती पसरवते. त्यामुळे होणाऱ्या आजाराला आपल्याकडे गोचीडताप किंवा थायलेरियासिस म्हणतात, आणि संकरित गाईंचे जितके नुकसान हा आजार करतो तितके क्वचितच दुसरा कोणता करीत असेल. हायालोमा आयुष्याचा फार थोडा काळ जनावरावर असते. रक्त पिऊन झाले की ती खाली उतरते, भिंतीच्या भेगेत, दगडी जोत्याच्या सांध्यात किंवा गव्हाणीच्या फटीत शिरून कात टाकते आणि पुढच्या रक्तासाठी महिनोन्महिने वाट पाहू शकते. थायलेरिया तिच्या अंड्यांत उतरत नाही. बालपणी आजारी जनावराचे रक्त पिऊन ती परजीवी मिळवते आणि कात टाकून मोठी झाल्यावर दुसऱ्या जनावराला देते. पहिल्या गोचिडीचा बंदोबस्त त्यामुळे मुख्यतः जनावराच्या अंगावर आणि कुरणात करावा लागतो, तर दुसरीचा भिंतीत. हा फरक लक्षात न घेता दर महिन्याला फवारणी करीत राहिल्यास पैसे जातात आणि गोचीडताप येतच राहतो.

दुसरी पायरी: आठवड्यातून एकदा हाताने तपासणी

नजरेपेक्षा हात अधिक विश्वासार्ह आहे. ठरावीक वारी सकाळी दूध काढून झाल्यावर प्रत्येक जनावराच्या कानाच्या आत व मागे, मानेखालच्या पोळीत, पुढच्या पायांच्या बगलेत, कासेभोवती, मागच्या मांड्यांच्या आत आणि शेपटीच्या मुळाशी तळहात दाबून फिरवावा. लहान गोचिडी डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना मोहरीच्या दाण्यासारख्या लागतात. वासरांचे कान विशेष काळजीने पाहावेत.

सापडलेली गोचीड चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढावी. ती नखाने चिरडू नये आणि अंगणात फेकून तर मुळीच देऊ नये, कारण फेकलेली टम्म मादी म्हणजे पुढची दोन-तीन हजार पिल्ले आपणच अंगणात पेरण्यासारखे आहे. साबणाच्या दाट पाण्याचे झाकणाचे डबडे सोबत ठेवावे आणि काढलेल्या गोचिडी त्यात टाकाव्यात. या कामाला वेळेचेही बंधन आहे. चिकटलेल्या गोचिडीच्या लाळेत थायलेरिया पूर्णपणे तयार व्हायला साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात, म्हणून हायालोमाचा हंगाम जोरात असताना संकरित गाई व वासरे दर दोन दिवसांनी तपासलेली बरी.

हाताने गोचिडी काढताना हातमोजे घालावेत. गोचिडी माणसालाही विषाणू देऊ शकतात. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागल्यावर उघडकीस आलेला क्यासनूर अरण्य आजार २०१५-१६ पासून गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या परिसरांतही माणसांना झाला आहे. तो पसरवणारी हीमाफायसॅलिस ही रानातली गोचीड चरून येणाऱ्या गुरांवरही पोसली जाते. या पट्ट्यात रानात जाऊन आल्यावर किंवा गोचिडी काढल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडीची गोष्ट आपणहून सांगावी.

तिसरी पायरी: लक्षणे वाचणे

घरात एक थर्मामीटर जनावरांसाठी वेगळा ठेवावा. निरोगी गाईचे गुदद्वारातील तापमान साधारणतः १०१ ते १०२ अंश फॅरेनहाइट असते. गोचीडतापात ते १०४ ते १०७ पर्यंत चढते आणि साध्या तापाच्या औषधाने उतरले तरी पुन्हा चढते. खांद्याच्या पुढची लसिकाग्रंथी लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी सुजते, दूध एकदम घटते, श्वास जोरात चालतो, डोळ्यांतून पाणी येते आणि काही दिवसांत पापणीच्या आतली गुलाबी त्वचा पांढुरकी पडते. वासरांमध्ये कधी डोळे बाहेर आल्यासारखे सुजतात. खांद्यापुढची गाठ हाताला लागली आणि ताप १०४ च्या वर असला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

बबेसियामध्ये तांबड्या पेशी रक्तातच फुटतात, म्हणून लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कॉफीसारखी होते. मात्र लाल लघवी म्हणजे बबेसियाच असे धरून चालू नये. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या म्हशीला ताप नसताना लाल लघवी होत असेल, तर स्फुरदाच्या कमतरतेची शक्यता अधिक असते आणि तिचा उपचार पूर्णपणे वेगळा आहे. येथे थर्मामीटर फार मोठे काम करतो. ॲनाप्लाझ्मा हा खरे तर जिवाणू आहे, परंतु तोही गोचिडींमार्फत तांबड्या पेशींत शिरतो; त्यात जनावर पांढरे-पिवळे पडते, शेण कडक होते, पण लघवी लाल होत नाही.

सर्रा या आजाराचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा होय. तो गोचिडीने पसरत नाही, तर गुरांना चावणाऱ्या मोठ्या टॅबॅनस माश्या त्याला आपल्या सोंडेवरून एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. १८८० साली डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने घोडे व उंट यांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. घोड्यांमध्ये तो उघड दिसतो. म्हशींमध्ये मात्र पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही. अधूनमधून येणारा ताप, खंगत जाणारे अंग, गाभ जाणे, आणि कधी एकाएकी गोल गोल फिरणे किंवा भिंतीला डोके टेकून उभे राहणे, अशी त्याची रूपे आहेत. माणसाला तो सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तद्रवातील एक प्रथिन त्याला मारते. तरीही चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात २००४ साली तो आढळला आणि तपासात त्या शेतकऱ्यामध्ये नेमके तेच संरक्षक प्रथिन नसल्याचे दिसून आले.

शेळ्या-मेंढ्यांमध्येही थायलेरिया व बबेसियाच्या वेगळ्या जाती असतात. तपासणीची पद्धत तीच.

चौथी पायरी: औषधाआधी रक्तपट्टी

माझा सर्वांत जास्त आग्रह या पायरीवर आहे, कारण सर्वाधिक घाई येथेच होते. ताप दिसला की प्रतिजैविक, तापाचे औषध आणि सलाईन एकदम सुरू होते. मग दोन दिवसांनी घेतलेल्या रक्तात परजीवी सापडेनासे होतात आणि खरा आजार कळतच नाही. रक्तपट्टी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, ताप चढलेला असताना आणि पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी घ्यावी. पशुवैद्यक लगेच पोहोचू शकत नसतील, तर त्यांच्याकडून एकदा शिकून घेऊन हे काम पशुपालकाला स्वतः करता येते.

कानाच्या टोकाकडची केसाळ कडा कात्रीने साफ करावी, स्पिरिटने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. नव्या निर्जंतुक सुईने कडेची बारीक शीर टोचावी. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब स्वच्छ काचपट्टीच्या एका टोकाला घ्यावा, दुसऱ्या काचपट्टीची कड सुमारे ४५ अंशांत तिरकी धरून थेंबाला टेकवावी आणि थेंब कडेभर पसरताच एका संथ, न थांबणाऱ्या हालचालीने पुढे सरकवावी. चांगली पट्टी जिभेच्या आकाराची आणि शेवटाकडे इतकी पातळ असते की तिच्यातून छापील अक्षरे वाचता येतात. ती हवेत हलवून वाळवावी. तोंडाने फुंकू नये, उन्हात ठेवू नये, आणि माश्यांपासून जपावी, कारण माश्या वाळलेले रक्त चाटून पट्टी निकामी करतात. काचेच्या घासलेल्या टोकावर पेन्सिलीने जनावराचा बिल्ला क्रमांक व तारीख लिहावी आणि दोन पट्ट्या कराव्यात.

काचपट्टी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत, पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासता येते. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथे ही महाविद्यालये आहेत. गोचीडतापाची शंका दाट असेल, तर पशुवैद्यक सुजलेल्या लसिकाग्रंथीतूनही सुईने नमुना घेतात, कारण सुरुवातीच्या दिवसांत परजीवी रक्तापेक्षा तेथे लवकर दिसतो. फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावण्यासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

पाचवी पायरी: उपचार, आणि गिधाडांचा विचार

गोचीडतापावर बुपारव्हाक्वोन, बबेसियावर डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब, ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि सर्ऱ्यावर क्विनापायरामिन ही औषधे प्रचलित आहेत. ही यादी पशुवैद्यकांशी नीट बोलता यावे म्हणून दिली आहे. मात्रा वजनावर ठरते, काही औषधांची योग्य व विषारी मात्रा यांतील अंतर थोडे असते, आणि चुकीचे औषध दिल्यास आजारी जनावराचे दोन मौल्यवान दिवस वाया जातात. उपचाराच्या काळात दूध किती दिवस वापरायचे नाही, हे प्रत्येक वेळी विचारून लिहून ठेवावे.

या तापांमध्ये ताप व वेदना कमी करणारे औषध जवळजवळ नेहमीच दिले जाते, आणि येथेच आपला गोठा रानपक्ष्यांशी थेट जोडलेला आहे. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे बंद पडून ती काही दिवसांत मरतात. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९० च्या दशकापासून पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली ती मुख्यतः याच कारणाने. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली आणि २०२३ साली ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांवरही आली. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनामिक ॲसिड ही गिधाडांना सुरक्षित ठरलेली औषधे आहेत. इंजेक्शन भरले जात असताना बाटलीवरचे नाव वाचणे आणि मेलॉक्सिकॅम मागणे हा पशुपालकाचा हक्क आहे. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या बाटल्या औषध दुकानातून आणून गुरांना टोचणे पूर्णपणे थांबले पाहिजे. रायगड, नाशिक, गडचिरोली यांसारख्या, गिधाडांचा वावर असलेल्या जिल्ह्यांत तर हे दुप्पट महत्त्वाचे आहे.

सहावी पायरी: अंगावरच्या गोचिडी मारणे

अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि पाठीवर ओतायचे फ्लुमेथ्रिन ही औषधे बाजारात सर्रास मिळतात. १२.५ टक्के अमिट्राझ साधारणतः एका लिटर पाण्यात २ मिलिलिटर मिसळतात. तरी बाटलीवरचे प्रमाण अंतिम मानावे. फवारणीपूर्वी जनावराला पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते अंग कमी चाटते. भर उन्हात किंवा पाऊस येण्याच्या बेतात असताना फवारू नये. मोठ्या गाईला तीन-चार लिटर तरी द्रावण लागते. पाठीवर दोन हात मारून केलेली फवारणी कानात, बगलेत आणि शेपटीखाली पोहोचत नाही, आणि गोचिडी नेमक्या तेथेच असतात. गोठ्यातील सर्व जनावरे एकाच दिवशी घ्यावीत, राखणीचा कुत्रा विसरू नये, मात्र त्याच्यासाठी कुत्र्याचेच औषध वापरावे. अमिट्राझ घोड्यांना घातक ठरू शकते, त्यांच्यावर ते वापरू नये.

पिकावर मारायचे कीटकनाशक जनावरावर कधीही वापरू नये. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे जनावराला, फवारणाऱ्या माणसाला आणि अंगणात टिपणाऱ्या पक्ष्यांना सारखीच मारतात. दक्षिण आफ्रिकेत गुरांना गोचिडींसाठी आर्सेनिकच्या पाण्यात बुडवण्याच्या काळात गुरांच्या अंगावरून गोचिडी खाणारा पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर पक्षी त्या देशातून नाहीसा झाला होता. पुढे काही दशकांनी तो परतला. आपल्याकडेही गायबगळे, कोतवाल आणि साळुंक्या गुरांच्या पायांशी किडे टिपत असतात. फवारणीनंतर उरलेले द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये आणि फवारलेले जनावर लगेच तळ्यात डुंबवू नये, कारण डेल्टामेथ्रिन व सायपरमेथ्रिन माशांना अत्यल्प मात्रेतही विषारी आहेत. आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्या मारते, आणि शेणातल्या किड्यांवर अनेक पक्षी जगतात. दुभत्या जनावरात तर ते पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊच नये.

एकच औषध वर्षानुवर्षे, त्यातही पातळ करून वापरल्याने गोचिडी त्याला दाद देईनाशा होतात. डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी भारतातील अनेक राज्यांत आढळल्या आहेत. फवारणीनंतर दोन दिवसांनी जिवंत, हलणाऱ्या गोचिडी तितक्याच दिसत असतील, तर मात्रा वाढवू नये. वेगळ्या गटातील औषधाबद्दल विचारावे. कडुनिंब आणि करंजाचे तेल सहायक म्हणून उपयोगी आहे. संकरित गाईचा गोचीडताप केवळ त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. सीताफळाच्या बियांची पूड वापरणाऱ्यांनी ती जनावराच्या किंवा स्वतःच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये, तिने डोळ्यांना गंभीर इजा होते.

सातवी पायरी: भिंत, जमीन आणि उकिरडा

मे महिना या कामाचा. भिंतीतील भेगा आणि दगडांमधील सांधे आधी फ्लेम गनने शेकावेत, गवत-कडबा व वायरिंग बाजूला केल्याची खात्री करूनच. मग सिमेंटने किंवा मातीच्या घट्ट गाऱ्याने बुजवावेत आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत दाट चुना मारावा. गव्हाणीखालची जागा, खुंट्यांची भोके आणि दाराची चौकट सुटू नये. भेगा बुजवल्याशिवाय नुसती फवारणी केल्यास औषध वरवर राहते आणि हायालोमा आत सुरक्षित बसते. विटांचे ढीग, जुनी लाकडे आणि पोती गोठ्याला टेकवून ठेवू नयेत.

उकिरडा गोठ्यापासून लांब हलवावा. चावऱ्या माश्या ओल्या, मूत्र मुरलेल्या कडब्यात आणि शेणात वाढतात, म्हणून शेणाचा ढीग प्लॅस्टिकने झाकून तापू द्यावा किंवा ओला गाळ पातळ पसरून वाळवावा. गोठ्याचे गटार उताराने वाहते ठेवावे. मूत्र आणि धुण्याचे पाणी साचलेले गटार म्हणजे क्युलेक्स डासांची खाण, आणि त्याचा संबंध पुढे पक्ष्यांशी येणार आहे.

आठवी पायरी: माश्या आणि सुया

टॅबॅनस माश्या पाणथळ चिखलात वाढतात, त्यांना मुळातून संपवणे पशुपालकाच्या हातात नाही. त्या दिवसा, उजेडात चावतात आणि अंधाऱ्या, सावलीच्या गोठ्यात शिरायला कचरतात. पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर दुपारच्या वेळी म्हशी तळ्याकाठी न ठेवता सावलीत बांधल्यास चावे पुष्कळ कमी होतात. संध्याकाळी चिलटे व डासांसाठी धूर आणि शक्य असल्यास जाळी उपयोगी पडते.

माशीच्या सोंडेचे काम आपली सुईही करू शकते. लसीकरणाच्या दिवशी एकच सुई रांगेतील सगळ्या जनावरांना टोचली, तर सर्रा आणि ॲनाप्लाझ्मा एका दिवसात साऱ्या दावणीत पोहोचू शकतात. प्रत्येक जनावराला नवी सुई, हा नियम कुणाचीही भीड न ठेवता पाळून घ्यावा.

नववी पायरी: नवे जनावर आणि लस

बहुतेक मोठी हानी एका ठरावीक प्रसंगातून होते. गोठ्यात खिल्लार, डांगी किंवा देवणी गाई वर्षानुवर्षे आहेत, अंगावर थोड्या गोचिडी असूनही ठणठणीत आहेत; मग कर्ज काढून एक संकरित होल्स्टीन गाय आणली जाते, तिला त्याच दावणीला बांधले जाते आणि महिन्याभरात ती गोचीडतापाने दगावते. देशी गाई वासरूपणीच थोडा थोडा संसर्ग झेलून प्रतिकारशक्ती मिळवतात, आणि वरून निरोगी दिसतानाही त्यांच्या रक्तात परजीवी राहतो. त्या आजारी नाहीत म्हणून गोठा सुरक्षित आहे, असा अर्थ काढू नये. याच कारणाने चरायला जाणाऱ्या देशी कळपातून एकूण एक गोचीड नाहीशी करण्याचा हट्ट मी धरणार नाही. त्यांच्यात संख्या आटोक्यात ठेवणे पुरे. संकरित जनावरांच्या बाबतीत मात्र कडक राहावे लागते.

नवे जनावर आणण्यापूर्वी त्याची रक्तपट्टी तपासून घ्यावी, आणल्यावर दारातच गोचिडी काढून फवारणी करावी आणि तीन आठवडे वेगळे बांधून रोज ताप मोजावा. थायलेरियावर भारतात बनलेली जिवंत, क्षीण केलेल्या परजीवींची लस उपलब्ध आहे. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवावी लागत असल्याने आधी मागणी नोंदवावी लागते, आणि गाभण जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकाचा निर्णय घ्यावा लागतो. संकरित गाय घेण्याचे ठरताच लसीची चौकशी सुरू करावी, गाय दारात आल्यावर नव्हे.

कोंबड्यांचा खुराडा

कोंबड्यांची गोचीड, आरगस, दिवसा दिसत नाही. ती बसायच्या दांडीच्या फटीत आणि खुराड्याच्या सांध्यांत लपते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते आणि अन्नाशिवाय वर्षाहून अधिक काळ तग धरू शकते; म्हणून रिकामा ठेवलेला जुना खुराडा सुरक्षित समजू नये. तपासणी रात्री बॅटरीने करावी. पंखांखाली चिकटलेल्या बारीक अळ्या पाहाव्यात. तुरा पांढरा पडणे, अंडी घटणे आणि पाय लुळे पडणे ही लक्षणे आहेत. ती डासांमार्फत होणाऱ्या कोंबड्यांच्या हिवतापातही दिसतात, त्यामुळे येथेही रक्तपट्टीच निर्णय देते. बांबूच्या चिरलेल्या दांड्यांऐवजी गुळगुळीत, काढून उन्हात टाकता येतील अशा दांड्या वापराव्यात आणि खुराड्याला संध्याकाळी बारीक जाळी लावावी.

रानपक्षी: काय होते आणि काय करावे

पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी प्लाझ्मोडियम रेलिक्टम हा मुख्यतः क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस या डासामार्फत पसरतो. हा तोच डास आहे, जो आपल्या शहरांच्या नाल्यांत वाढतो आणि माणसांत हत्तीरोग पसरवतो. माणसाचा हिवताप वेगळा. पक्ष्यांचा माणसाला होत नाही. जे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या या परजीवीबरोबर राहिले आहेत, त्यांच्यापैकी प्रौढ पक्षी बहुधा तग धरतात, पण संसर्ग रक्तात टिकून राहतो आणि विणीच्या हंगामासारख्या ताणाच्या काळात पुन्हा उचल खातो. पिल्ले अशक्त होतात, रक्त कमी पडते आणि शिकाऱ्याच्या तावडीत लवकर सापडतात.

ज्या पक्ष्यांनी हा आजार कधी पाहिलाच नव्हता, त्यांचे काय होते हे हवाई बेटांवर दिसले. तेथे डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास जहाजांमधील पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स डास पोहोचले आणि पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर परजीवी आला. इइवी या लाल रंगाच्या रानपक्ष्यावर केलेल्या प्रयोगांत एकाच बाधित डासाच्या चाव्याने सुमारे ९० टक्के पक्षी मेले. उरलेले पक्षी उंच डोंगरांवरच्या थंड अरण्यांत टिकले, कारण सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली परजीवीची डासामधील वाढ थांबते. आता तापमान वाढते तसे डासही वर सरकत आहेत. २०२३ साली अमेरिकेने हवाईतील आठ पक्षी अधिकृतपणे नामशेष जाहीर केले. पिल्ले जन्मू न देणारे नर डास सोडून तेथील डासांची संख्या घटवण्याचे काम त्याच वर्षी सुरू झाले.

कबुतरांमध्ये हिमोप्रोटियस हा परजीवी असतो आणि त्याचा वाहक कबुतरांच्या पिसांत सरपटणारी चपटी माशी आहे. ती पिल्लांवर जास्त असते. कबुतरे पाळणाऱ्यांनी घरट्यांतील गवत व विष्ठा दर दोन-तीन आठवड्यांनी बदलल्यास तिचे कोष निघून जातात. स्थलांतरी पक्षी आपल्याबरोबर गोचिडीही नेतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांना वाळी घालण्याचा जो मोठा प्रकल्प राबवला, त्यामागे क्यासनूरसारख्या विषाणूंच्या गोचिडी पक्षी देशादेशांत नेतात का, हाच प्रश्न होता.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांनी भांडे रोज ओतून, आतून घासून भरावे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो. दाण्याची जागा मधूनमधून बदलावी आणि खाली सांडलेले ओले दाणे काढावेत. लाकडी घरटी विणीचा हंगाम संपून पिल्ले उडाल्यावरच साफ करावीत, त्यात कीटकनाशक फवारू नये. गटार वाहते करणे, टाक्यांना जाळी लावणे आणि टायर उलटे करणे ही कामे गोठ्यासाठी, घरातल्या माणसांसाठी आणि कुंपणावरच्या बुलबुलासाठी एकदमच होतात.

निपचित पडलेला, पिसे फुगवून बसलेला रानपक्षी सापडला, तर त्याला माणसांची हिवतापाची गोळी देऊ नये आणि बळेच पाणीही पाजू नये. हातमोजे घालून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांत जागी, कोंबड्या व गोठ्यापासून दूर ठेवावे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्षी घरात पाळता येत नाहीत, म्हणून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. पक्षी मेलेला असेल, किंवा एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर त्यांना न हलवता जागा, तारीख आणि संख्या लिहून वनविभाग व पशुवैद्यकीय दवाखाना या दोघांनाही कळवावे. अशा वेळी बर्ड फ्लू आणि विषबाधा या शक्यता आधी तपासाव्या लागतात, आणि त्या तपासासाठी पक्षी जेथे पडला तेथेच असणे आवश्यक असते.